चार तासं

भाकरीवर हिरवं आलं की आपण ती टाकून देतो.
माडग्याळला बचत गटाच्या खोलीत
तेच हिरवं आम्ही मुद्दाम वाढवतो,
सलाईनच्या जुन्या बाटल्यांत, उकडलेल्या दाण्यांवर,
तोंडाला कापसाचा बोळा, चपला दाराबाहेर.

निंगव्वा विचारते, बुरशीला बुरशी खाते व्हय?
खाते. आधी वेलासारखी वेटोळं घालते,
मग सोलून आत शिरते.
मंजे माझी जाऊच की, ती म्हणते.

हस्ताच्या तोंडावर मालदांडीचं बी घमेल्यात ओतलं,
गुळाचं पाणी शिंपडून पूड चोळली.
शाळूचे दाणे मुगासारखे दिसायला लागले.
गोणपाटावर, सावलीत वाळवले.
मामंजी नुसते बघत होते.
बांधाकडच्या चार तासांना त्यांनी
कुरीतून कोरडंच बी सोडलं.
माझ्या बापानं कुठं काय चोळलं होतं, म्हणाले.

पौषात राखणीला बसलं
की वाऱ्याबरोबर बांधाकडनं आवाज यायचा,
खड खड,
कुणी रिकामा खुळखुळा हलवावा तसा.
धाट मोडून पाहिलं. आत काजळ.
आठवड्यात चारी तासं आडवी.
आमच्यातलीही सात-आठ पडली, खोटं कशाला बोलू.
बाकीचं रान सळसळत होतं
ओल्या आवाजात.

मामंजी काही बोलले नाहीत.
चार तासांची कणसं, हलकी,
त्यांनी वेगळ्या धडप्यात बांधली.
रात्री भाकरी कुस्करताना
खाली बघूनच विचारलं,
त्या बाटल्या किती दिवस टिकतात गं?