नववा गडी

मी दातांची डॉक्टर. फुकुई शहरात
दिवसभर लोकांच्या किडक्या दाढा कोरते
आणि रात्री, टेबलावरच्या दिव्याखाली,
दात किडवणाऱ्या कॅरॅमलांतली जुनी कार्डं
चिमट्यानं उचलून ठेवते.

आगपेटीएवढी. बगळा छाप, शोवा सव्वीस.
एका डबीत एक बेसबॉलपटू,
रंग रेषेबाहेर सांडलेले,
पिचरचा ओठ गालावर छापलेला.
व्यापारी डागाचे पैसे कापतात. मी आधी डागच बघते:
कुणाचा तरी अंगठा, चिकट,
सत्तर वर्षं तिथंच.

नियम असा होता:
नऊ जणांचा संघ जुळला की कंपनीला पाठवायचा.
कंपनी खऱ्या चामड्याचा ग्लोव्ह देई
आणि कार्डं भट्टीत घाली.
म्हणून ज्यांचं जुळलं त्यांचं काही उरलं नाही.
बाजारात आज येतं
ते सगळं न जुळलेल्यांचं.

कॅचर मुद्दामच कमी छापला होता म्हणतात.
माझ्याकडे दोन आहेत.

जानेवारीत त्सुरुगाहून निरोप आला:
हामागुची तोकुजी, वय ब्याऐंशी,
मासेमारीची जाळी विणायचा, आता हात थरथरतात,
आठ कार्डं आहेत, विकायचीत.
बर्फातून गेले. पर्समध्ये पैसे
आणि का कोण जाणे, दोनांतला एक कॅचर.

त्यानं चहा ठेवला. सुक्या बांगड्यांच्या डब्यातून
आठ जण काढून मेजावर मांडले,
पत्त्यांसारखे नाही, मैदानासारखे,
जो तो आपापल्या जागी.
होम प्लेटपाशी उघडं लाकूड.
मी काही न बोलता तिथं माझा कॅचर ठेवला.

त्यानं तो उचलला. हुंगला.
"याचा वास गेलाय. यांचा आहे अजून, बघा."
मी हुंगून पाहिलं. बांगडाच होता.
मग आईचं निघालं: गोदीवर कोळसा वाहायची,
शनिवारी एक डबी, तिघा भावंडांत.
कॅरॅमल ताई दातानं तोडून वाटायची.
कार्ड तोडता येत नाही,
म्हणून भांडणं कार्डावरून.

बोलता बोलता त्यानं नवाच्या नऊ गोळा केली,
मेजावर ठोकून कडा सारख्या केल्या
आणि शर्टाच्या खिशात घातली.
वर बटण लावलं.

विकायचं काय झालं? मी विचारलं नाही.
कॅचरचे पैसे? तेही नाही.
कंपनी बुडाली त्याला साठावर वर्षं झाली,
हे त्याला ठाऊक असणारच.
तो खिडकीतून बंदराकडे बघत बसला,
पोस्ट कधी उघडतं याची वाट बघितल्यासारखा.

निघताना माझ्या तळहातावर एक कॅरॅमल ठेवलं,
हल्लीचं, कोपऱ्यावरच्या दुकानातलं.
"डॉक्टरीणबाई, रागावू नका."

गाडीत ते खाल्लं. वरच्या डाव्या दाढेला चिकटलं.
लांबलचक बोगदा संपेपर्यंत
मी ते जिभेनं सोडवत होते
आणि बोटं आपली रिकामा कागद
उलटासुलटा करून बघत होती
आत कोणी आहे का.