अंड्यांचा हिशेब

आजीच्या मागे सत्तावन्न कॅलेंडरं निघाली.
बियाण्यांच्या दुकानातून दर नाताळात फुकट मिळालेली,
खिळ्याच्या भोकाशी फाटलेली,
तळघरात, बिटाच्या लोणच्यामागे,
सुतळीने आवळून ठेवलेली.

दिवसाला एक चौकोन. चौकोनात एक ओळ.
अंडी किती, वारा कुठला,
जागा उरली तर माणसं.
अंडी ४१. वारा वायव्येचा. ओलाफचा दात पडला.
अंडी ३८. गारा. गहू गेला.
गहू गेला, एवढंच.
शेजारच्या चौकोनात पुन्हा अंडी.

गुद्रुन तोलेफ्सन.
एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली
नॉर्थ डकोटाच्या या परातीसारख्या सपाट जमिनीवर.
लांब रस्त्यावर कुणाच्या गाडीची धूळ उठली
की ती केक भट्टीत सारायची.
पाहुणा दारात उतरेस्तोवर केक फुगलेला,
कॉफी उकळलेली, ॲप्रन बदललेला,
आणि तोंडावर भाव असा
की तुम्ही येणार हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

हिमवादळात घरापासून गोठ्यापर्यंत दोर ताणलेला असे.
दोर धरून गेले. दोर धरून आले. अंडी ९.
त्या रात्री गोठ्यात वासरू आडवं आलं होतं,
कोपरापर्यंत हात घालून तिने ते फिरवलं,
हे मला आजोबांनी सांगितलं.
कॅलेंडरात वासराचा उल्लेख नाही.

आर्ने आजोबा गेले तो चौकोन:
अंडी २२. आर्ने उठला नाही. वारा नाही.
आमच्याकडे वारा नाही असं होत नाही.
तीन रात्री जागून मी सगळी पानं चाळली.
'वारा नाही' असं तिने एकदाच लिहिलंय.

पुढे गुडघे गेले, कोंबड्या विकल्या,
आणि लिहिणंही त्याच आठवड्यात थांबलं.
मोजायलाच काही नाही म्हटल्यावर
वाऱ्याचं काय घेऊन बसायचं.
त्यानंतरही ती एकोणीस वर्षं जगली.
नातवंडांची नावं चुकवायची,
नांगराच्या फाळाची किंमत नाही.

चर्चमध्ये पाद्री म्हणाले,
पंचाहत्तर वर्षांत या बाईने
एक रात्रही आपलं शेत सोडलं नाही.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
बोर्गहिल्ड आत्याने सगळ्यात जोरात.
मी हातातल्या कॉफीकडे पाहत राहिले.
मी एकसष्ट सालचा जून वाचला होता.

त्या जूनमध्ये सात चौकोन
आजोबांच्या अक्षरात आहेत.
मोठं, वाकडं, रेषा ओलांडून शेजारी घुसणारं,
बैल बुजल्यावर पडलेल्या तासासारखं.
अंडी मोजली नाहीत.
अंडी २० का २२.
वारा आहे.
मुली रडल्या. पॅनकेक केले. करपले.
अंडी विसरलो.
वारा.
सातव्या चौकोनात काहीच नाही,
फक्त पेन्सिल टेकवून उचलल्याचा ठिपका.

तळघरातून वर येऊन मी आत्याला विचारलं.
दवाखान्यात होती, आत्या म्हणाली.
काका म्हणाले, छे, मावशीकडे, मिनेसोटाला.
आत्या तेव्हा आठ वर्षांची होती.
तिने बशी पुसली, तीच बशी पुन्हा पुसली.
बसने आली, ती म्हणाली. चालत, फाट्यापासून.
पायात नवे बूट होते. लाल.
पपा गोठ्यातून बाहेर आले,
तिच्या हातातली पेटी घेतली,
आणि म्हणाले, लाल गाय आटली.
ती म्हणाली, बघते.

बूट मी शोधले. नाहीत कुठेच.
कॅलेंडरं जाळू या, काका म्हणतात,
उंदीर होतात.
जाळा म्हटलं, एक सोडून.

आठवा चौकोन तिच्या अक्षरात आहे,
बारीक, सरळ, रेषेच्या आत:
अंडी ३६. वारा पश्चिमेचा.
भांडी सगळी तशीच पडलेली.