सतरा नंबर

भाचीसाठी स्थळ बघायला वाईहून बडोद्याला आलो.
बैठक पाच वाजता, बाबाजीपुऱ्यात.
जेवणं झाली, मंडळी लॉजवर लवंडली,
मी म्हटलं, जरा पाय मोकळे करतो,
आणि दांडिया बाजारातल्या एका बोळात
तासाच्या भाड्यानं सायकल घेतली.

दुकान म्हणजे एक शटर, एक पंप,
पंक्चर शोधायचं घमेलं, त्यातलं काळं पाणी
आणि मांडीवर वही घेतलेले रमणराव जगताप.
मराठी अस्सल,
फक्त मधूनमधून गुजरातीची हवा भरलेली.
"डिपॉझिट काय ठेवता?"
आधारकार्ड लॉजवाल्याकडे अडकलेलं,
मनगटावरचं घड्याळ उतरवून दिलं.
आता तासाचं भाडं, आणि तास बघायला काही नाही.
"पुछून घ्या ने कोणालापण," ते म्हणाले.

मडगार्डवर पांढऱ्या रंगात १७.
सीटचं कव्हर कुणाच्या तरी शाळेच्या दप्तराचं,
चेन अजून शाबूत, उघडली तर आत खडूचा तुकडा.

"सुरसागर आला की जमणीकडे वळा."
जमणी म्हणजे उजवी, हे मला नंतर कळलं.
मी आपला जिकडे जमलं तिकडे वळलो.

काय सपाट गाव!
आमच्याकडे सायकल म्हणजे
पसरणीचा घाट छातीनं ढकलायचा
आणि येताना ब्रेकवर जीव ठेवून फुकट यायचं.
इथे फुकट काहीच नाही.
वीत न् वीत पायांनी विकत घ्यायची,
पण उतरून ढकला, असंही कुणी म्हणत नाही.
पन्नाशीच्या गुडघ्यांना हा व्यवहार पटला.

काळ्या घोड्याजवळ पुलावर साखळी पडली.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर आहे
असं कठड्यावरची पोरं सांगत होती,
मला ओंडका दिसला.
पोरांतल्या एकानं काडीनं साखळी चढवून दिली
तेवढ्यात ओंडका पाण्यात गेला.

परत आलो तेव्हा वीस मिनिटं जास्त झालेली.
रमणरावांनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं,
काही लावलं नाही.
मग घड्याळ बांधता बांधता, सहज विचारावं तसं:
"पराग मोहिते माहीत आहे का, बाबाजीपुऱ्यातला?"

"पराग? दर रविवारी यायचा. अर्धा तास.
पैसे त्याचे, बसायची बहीण.
हा आपला मागून पळत, सीट धरून.
धरली नव्हती म्हणा. नुसता हात ठेवायचा."

"आणि?"

"आणि एकदा ही, ही सतरा नंबर,
फोर्क वाकडा करून आणली.
म्हणे गाय आडवी आली.
मी काय बोलणार, गायी येतात.
तिसऱ्या दिवशी शाळेतून थेट आला,
तिथे उभा राहिला, तुम्ही उभे आहात तिथेच,
म्हणाला, काका, गाय नव्हती."

एवढं सांगून ते ट्यूब घमेल्यात बुडवायला लागले.
बुडबुडे कुठून येतात ते आम्ही दोघं बघत राहिलो.

पाच वाजता चहा, लीलो चिवडा,
पगार, फ्लॅट, मूळ गाव, कुलदैवत.
मुलगा बोलायला बेताचा.
बशी पुढे करताना त्याची नजर
माझ्या पायजम्यावरच्या काळ्या पट्ट्यावर थांबली.
हळूच विचारलं, "सतरा नंबर?"

काय बोलावं सुचेना.
म्हटलं, "गाय आडवी आली."

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला पोरगा.
मग हसला, असा की बशी हिंदकळली,
आणि सगळी बैठक आमच्याकडे बघायला लागली.

रात्री शर्वाणीचा फोन.
"मामा, कसा आहे?"
म्हटलं, थांब गं,
हाताचं ग्रीस अजून निघालं नाही,
फोनला लागतंय.