वाळवंटातली भांगलण

जैसलमेरचं दोन माणसांचं भाडं
मुलीनं फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा
विजयमाला चहा गाळत होती.
म्हणाली, एवढ्यात न्हाणीच्या फरशा होतात.
मग मुलीनं दुसरं काढलं:
गगनबावड्याच्या वाटेवर, कळ्याच्या पुढं,
रेतमहाल. तंबू, उंट, रात्री शेकोटी,
नाष्टा धरून साडेचार हजार.
पन्नास जणांनी चांगलं म्हटलंय.
एकानं लिहिलंय, डास आहेत.
वाळवंटात डास?
विजयमाला हसली. तिथंच ठरलं.

मी एकतीस वर्षं वाळूत काढली.
आधी उद्यमनगरात, मग शिरोलीला,
फौंड्रीत, मोल्डिंग खात्यात.
मूठ आवळायची, उघडायची,
बोटांचे ठसे राहिले तर पाणी बरोबर.
घरी आलो की कानातून, बनियनमधून, 
भाकरीच्या पहिल्या घासातसुद्धा कचकच.
माझे कपडे हिनं कधी
पोरांच्या कपड्यांत भिजवले नाहीत.
उंबऱ्याबाहेर पाय झाड, आधी पाय झाड.
आणि आता तीच म्हणते
वाळू बघायला चल,
पैसे भरून.

उसाच्या दोन फडांमधून रस्ता गेला
आणि एकदम पिवळं.
दीड एकर असेल. टेकड्या तीन.
कुंपणापलीकडं भात लोंबीला आलेलं,
वाकून आत बघत असल्यागत.
काउंटरवरच्या पोराला फेटा राजस्थानी,
पण बोलला, ‘या की काका, टेका जरा.’
पावसाळ्यात काय करता, मी विचारलं.
‘जून ते सप्टेंबर वाळवंट बंद असतंय.’

उंटाचं नाव सरपंच.
उसाचं वाडं खात उभा होता,
गोठ्यातल्या म्हशीच्या सवयीनं.
त्याचा माणूस भूराराम, बाडमेरकडचा,
सात वर्षं झाली, तांबडा रस्सा पचतो आता.
तुमच्याकडं असंच असतं का, हिनं विचारलं.
तो थोडा वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, तिकडं वाळू चालते, बाई.
आज इथं, उद्या दुसऱ्याच्या दारात.
ही बसूनच राहते.

रात्री शेकोटी झाली. गाणी लावली होती.
डास होते.

साडेपाचला जाग आली, पहिल्या पाळीची.
तंबूचा पडदा सारला तर
धुक्यात तीन बायका ओळीनं बसलेल्या,
खुरपी चालवत
वाळवंट भांगलत होत्या.
हरळी, लव्हाळा, आघाडा,
एक चुकार भाताचं रोप.
रोज? मी विचारलं.
‘रोज. पावणं उठायच्या आत,’
पुढची म्हणाली, मान वर न करता.
‘एक दिस सोडला की रान होतंय.’

त्यांनी उपटलं होतं तिथं मी बसलो.
मूठ भरली, आवळली, उघडली.
पाचही बोटं उमटली.
वर दोन पेरं पिवळी, फोंड्याची असावी,
खाली काळी. जळकी.
आणि तळव्याला काहीतरी टोचलं:
बाजरीच्या दाण्याएवढा
लोखंडाचा मणी.
रस ओतताना साच्याच्या तोंडाशी उडतात, तसला.
कुठल्या खात्यातला, कुणाच्या हातचा,
काय सांगावं.
ट्रक भरून बाहेर जायची ही वाळू,
आम्ही कधी विचारलं नाही कुठं.

मागनं विजयमाला आली, अनवाणी,
साडी वर खोचून.
टेकडीवर चढली, पोरीसारखी बसली,
पाय खुपसले घोट्यापर्यंत.
‘बघा तरी,’ म्हणाली, ‘किती मऊ आहे.
आणि तुम्ही एवढी वर्षं
काहीच कसं सांगितलं नाही.’

मी हो म्हणालो.
मणी विजारीच्या खिशात टाकला.
सोमवारी धुण्यात निघेल.