पडद्यावरची बोडी

मुखरू पेंटरच्या गोळ्या मीच नेऊन देते.
सकाळची पांढरी, रात्रीची अर्धी गुलाबी.
दर सोमवारी ओट्याच्या खालच्या पायरीवर ठेवते,
कवेलूंची सावली सुरू होते तिथवर जात नाही.
मी वळले की त्याची बहीण सरस्वता
त्या पायरीवर शेणपाणी टाकते.
खाली बघत टाकते.
म्हणते, नाही टाकलं तर तो जेवत नाही वो.

तो जे बोलतो ते इथं लिहीत नाही.
माझ्या आईवरून बोलतो, आमच्या टोलीवरून,
विहारातल्या पांढऱ्या मूर्तीवरून.
अंगणवाडीतल्या पोरांना पाठ झालंय, चालीवर म्हणतात.
एकदा म्हणाला,
ह्या लोकाईनं बोअरिंगात औषध टाकलं,
रात्री नळी माह्यासंग बोलते.
गाव हसलं. पागलच तो, म्हणालं.
तिसऱ्या दिवशी आमच्या बाजूच्या बोअरिंगवर
वरच्या मोहल्ल्याचा एक गुंड कमी झाला.
आठवडाभरात एकही उरला नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलं मी,
हे सगळं बिमारीतून येते का?
त्यांनी चष्मा पुसला, म्हणाले, डोस वाढवून पाहू.
वाढवला.
नळी बोलायची थांबली.
शेणपाणी राहिलं.

आणि हात कापायला लागला त्याचा.
मंडई तेरा दिवसांवर, पडदा अर्धा,
मुखरू मांजरपाटासमोर उकिडवा,
सरसाची वाटी थंड होऊन साय धरलेली,
दिवसभरात एक पान. तेही ओघळलेलं.
तेव्हा नाटक मंडळाचे दोघे माझ्या घरी आले.
पहिल्यांदा आले. खुर्चीवर बसले. चहा नको म्हणाले.
आठ दिवस गोळ्या नोका देऊ बाई,
पडदा होऊ द्या, गावाच्या इज्जतीचा सवाल हाये.

मी गोळ्या दिल्या. पायरीवर ठेवल्या, नेहमीसारख्या.
पण रिकाम्या पट्ट्या मागून मोजते मी दर सोमवारी,
त्या सोमवारी मोजल्या नाहीत.
घाई होती, असं रजिस्टरला सांगता येईल.

मंडईच्या रात्री अकराला पडदा सुटला.
तीन हजार माणसं, आणि भुईमुगाची टरफलंसुद्धा वाजेनात.
आमचंच गाव होतं.
धानाच्या बांध्या, कापणीला आलेल्या,
प्रत्येक धुऱ्यावर वेगळी ओल.
मोहाच्या झाडाखालचा उजेड असा
की माणसानं टोपली घेऊन उठावं.
देवळामागं सरस्वता, पाठमोरी, बादली घेऊन.
आणि खाली, जिथं आमची टोली आहे,
विहार, बोअरिंग, सत्तावीस घरं,
तिथं बोडी.

नुसती बोडी.
कमळं, एक बगळा, पहाटेचं पाणी.
असं पाणी मी कुणाच्या हातून उतरलेलं पाहिलं नव्हतं.
खालचा अंधार वर येता येता निळा होत होता,
आणि बगळ्याच्या पायाशी एकच वर्तुळ,
नुकतंच काहीतरी बुडाल्यासारखं.

राग यायला पाहिजे होता. आला, पण उशिरा आला.
आधी घसा दाटला, माझ्या बाजूला बसलेल्या
भीमटेकाकांचाही दाटला,
ते हळूच म्हणाले, बेट्याचा हात पाहा.
मग आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता
पहाटेपर्यंत नाटक सोडून पाणी बघत बसलो.

उजव्या कोपऱ्यात रंग पातळ होता,
कापडाचे धागे दिसत होते.
तिथं माझं घर.
मला वाटलं, मुद्दाम ठेवलं असेल.
घरी येताना अंधारात उंबऱ्यापाशी
पाय जपून टाकला.

सोमवारी गोळ्या ठेवल्या.
शिव्या सुरूच होत्या, मी त्यांच्यातच म्हणाले,
बोडी चांगली काढली.
तो थांबला. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं,
कारागीर गिऱ्हाइकाकडे बघतो तसं, सरळ.

कोपऱ्यात कच्ची राहिली, म्हणाला.
नीळ सरली होती.

मी पट्ट्या मोजायला हात पुढं केला.
मागून बादलीची कडी वाजली.