जामीनदार क्रमांक दोन

बायपास झाल्यापासून केळीचे ट्रक इकडे वळत नाहीत.
हॉटेल सूर्यकन्या, परमिट रूम.
पाटीवरचा 'सू' गळालाय,
'परमिट'मागची ट्यूब भर दुपारी जळते,
ती विझवायची कुणाला आठवण नाही.

सव्वादोन. भुसावळचं ऊन, सेहेचाळीस.
स्कुटीच्या सीटवर रुमाल टाकून मी पायऱ्या चढले.
हिलालआबा फडकं खांद्यावर घेत म्हणाला,
'बहीन, फॅमिली रूम बंद शे.'
म्हटलं, माझी फॅमिली नाहीये आत.
एक माणूस आहे.

तो कूलरसमोर बसला होता.
कूलरमध्ये पाणी नव्हतं, गवत करकरीत,
पंखा नुसता गरम वारा फेकत होता
आणि निंबाचा शर्ट पोटाशी फुगत होता.
बारा वर्षांत मान जाड झालीय.
मला बघून उठला नाही.
ग्लास मात्र हळूच खाली ठेवला, टेबलाखाली, पायाजवळ,
माझ्या बापाला बघून विडी लपवायचा, तसा.
एवढ्यावरच मी ढिली पडले असते,
पर्समध्ये कागद नसता तर.

कागद ठेवला, नेमका ओल्या गोल डागावर.
पतसंस्थेची नोटीस.
कर्जदार: निंबा झावरू कोळी.
तारण: टेम्पो, वापरलेला.
जामीनदार क्रमांक दोन: कु. कल्पना उखर्डू नेहेते.

कुमारी.
त्या कागदावर मी अजून कुमारी आहे.
कापतात ते मात्र सौभाग्यवतीच्या पगारातून,
दरमहा एकोणीसशे.

'घरी काय सांगतेस?'
'एलआयसी.'
तो हसला.
हसू नको, म्हटलं.

टेम्पो आपल्यासाठीच होता.
बऱ्हाणपूरला जायचं होतं, डिसेंबरात, पहाटे,
मागे केळीचे घड आणि पुढे आपण.
मी सावद्याच्या फाट्यावर उभी होते,
पिशवीत दोन साड्या, नर्सिंगचं सर्टिफिकेट.
तो म्हणतो, फैजपूरच्या फाट्यावर ठरलं होतं.
तेव्हाही हेच म्हणाला. आजही हेच.
सावदा, मी म्हणते.
फैजपूर.
सावदा, निंबा.
हिलालआबाने गल्ल्यामागे रेडिओ मोठा केला.

मग तो कूलरकडे बघत बोलला,
'हप्ते मी मुद्दाम थांबवले.
पत्र घरी गेलं असतं, तुझ्या सासूच्या हातात.
नोटीस दवाखान्यात येते,
साहेबाच्या सहीने, थेट तुझ्या टेबलावर.
वाटलं, एकदा तरी येशील. भांडायला.'

माझा हात बशीला लागला की मी मारला, माहीत नाही.
शेंगदाणे कांद्यासकट जमिनीवर.
'पत्राला पाच रुपये लागतात, निंबा.
पाच.
मी पोराची सायकल पुढे ढकललीय दोनदा.'

तो वाकून शेंगदाणे वेचू लागला, एकेक,
जणू त्यांचाही हिशोब द्यायचा आहे.
खोटं बोलत असेल.
टेम्पो पत्त्यांत गेला, असं त्याची बहीणच सांगत होती.
खरं बोलत असेल तर आणखी वाईट.

नोटिशीच्या पाठीवर मीच लिहिलं:
एकतीस तारखेपर्यंत सगळी बाकी भरीन.
पेन ओल्या जागी उठेना,
त्याने जिभेवर टेकवून पाहिलं, दोनदा,
मग सही केली.
'ब'चं पोट अजून तसंच फाडतो.
सहीवर किती भरवसा ठेवायचा
हे जामीनदाराला विचारू नये.

'जेवलीस का?' त्याने विचारलं.
मी पाण्याच्या बाटलीचे वीस रुपये ठेवले.
झाकण उघडलं नव्हतं.
हिलालआबा म्हणाला, राहू दे बहीन.
मी राहू दिलं नाही.

बाहेर रुमाल तापून कडक झाला होता.
लांब नव्या रस्त्यावरून ट्रक जात होते,
इथवर नुसती घरघर येत होती.
स्कुटी सुरू केली तेव्हा दारातून त्याचा आवाज,
'कल्पे, मागच्या चाकात हवा कमी आहे.'

मी वळून बघितलं नाही.
पुलापाशी थांबले, उतरून चाक दाबलं.
कमी होती.