चारपेडी

दिवसभर मी चामड्याच्या वादीच्या वेण्या घालते,
सुतळीहून बारीक.
ओली आहे तोवर वादी वळते, सुकली की ऐकत नाही.

डोक्यावर मात्र शाळेपासून तीनच पेड.
केस एवढे दाट, की महाद्वार रोडवर
पोरानं दुकानातला सगळ्यात मोठा चाप लावून दाखवला,
तो तट्दिशी उडाला
आणि त्याच्याच गल्ल्यात जाऊन पडला.

काल लाईट गेली.
जाऊबाई वैजयंता म्हणाली, बस हितं.
मोबाईलचा उजेड तांब्याला टेकवला.
पहिली वेणी झाली आसुडासारखी. सोडली.
मग अंबाडा. आकडा सापडेना,
तर तिनं आरीच खोचली, लाकडी मुठीची.
अंधारातनं सासूबाई ओरडल्या, काय खिदळताय गं!
शेवटी वैजयंता म्हणाली, चार पेड घे की,
गिऱ्हाइकाला घेतीस, तुला न्हाय व्हय?
केसांवर पाणी मारलं.
पुढचं बोटांना विचारावं लागलं नाही.

सकाळी माल द्यायला दुकानात गेले.
एक कॉलेजची पोर चप्पल घालून बघत होती.
मान वाकडी करून माझ्या मागं बघत म्हणाली,
काकू, कसली भारी! कुठं शिकलात?
अवघड असेल ना?
मी तिच्या पायाकडं बोट केलं.

तिनं खाली बघितलं
आणि चटकन पाय मागं घेतला.

अगं घाल की, म्हटलं मी,
तुझ्या मापाची आहे.